रणभूमीवरील वैद्यक आणि लघुउद्योगांचे संशोधन : अमेरिकी अनुभव व भारतीय वाटचाल

संरक्षण संशोधन म्हटले की क्षेपणास्त्रे, विमाने आणि रणगाडे डोळ्यांसमोर येतात. जखमी सैनिकाच्या मांडीवर बांधावयाची पट्टी हादेखील संरक्षण संशोधनाचाच विषय आहे, याची जाणीव सहसा नसते. अमेरिकेने २००१ ते २०११ या काळात इराक व अफगाणिस्तानात झालेल्या आपल्या ४,५९६ सैनिकांच्या मृत्यूंचा आढावा घेतला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ८७ टक्के मृत्यू जखमी शल्यचिकित्सेच्या केंद्रात पोहोचण्यापूर्वीच झाले होते. त्यांपैकी ९७६ सैनिकांच्या जखमा वाचण्याची शक्यता असलेल्या होत्या आणि अशा मृत्यूंपैकी जवळजवळ ९१ टक्के मृत्यूंचे कारण रक्तस्राव हे होते. म्हणजेच प्रश्न मोठ्या रुग्णालयाचा नव्हता, तर पहिल्या काही मिनिटांत सहकाऱ्याच्या हाती कोणते साधन असते, याचा होता.

बाजारपेठेची मर्यादा

अशी साधने खासगी उद्योग आपणहून का निर्माण करीत नाहीत? याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. लष्करी वैद्यकीय उपकरणाचा ग्राहक बहुधा एकच, म्हणजे सरकार असतो. मागणी अनिश्चित असते. युद्धकाळात ती वाढते व शांततेच्या काळात घटते. प्राण्यांवरील प्रयोग, चिकित्सालयीन चाचण्या आणि नियामकाची मान्यता यांस अनेक वर्षे लागतात. मोठ्या कंपनीला ही बाजारपेठ लहान वाटते, तर लहान कंपनीकडे इतकी वर्षे तग धरण्याइतके भांडवल नसते. प्रयोगशाळेतील यश आणि बाजारातील उत्पादन यांमधील या दरीत अनेक उपयुक्त कल्पना लयास जातात. ही दरी सांधण्यासाठी सार्वजनिक निधीची आवश्यकता भासते.

कायद्याचा आधार

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये लघुउद्योगांच्या संशोधनास टप्प्याटप्प्याने साहाय्य देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या अनुभवावरून १९८२ मध्ये लघुउद्योग नवोन्मेष विकास कायदा संमत झाला. आपल्या प्रयोगशाळांबाहेर करवून घेण्यात येणाऱ्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्या खर्चाचा ठराविक हिस्सा लघुउद्योगांसाठी राखून ठेवावा, हे या कायद्याचे मर्म होय. प्रारंभी ०.२ टक्के असलेला हा हिस्सा वाढत जाऊन २०१७ मध्ये ३.२ टक्के झाला. १९९२ मध्ये त्यास एका सहयोगी योजनेची जोड मिळाली. तीत लघुउद्योगाने विद्यापीठासारख्या ना-नफा संशोधन संस्थेशी भागीदारी करणे बंधनकारक करण्यात आले. किमान ४० टक्के काम उद्योगाने व किमान ३० टक्के काम संशोधन संस्थेने करावे, असे प्रमाण ठरविण्यात आले.

यासाठी वेगळी तरतूद करावी लागली नाही. अस्तित्वात असलेल्या संशोधन खर्चातूनच हिस्सा बाजूला काढण्यात आला. नफ्यासाठी चालणारा, ५०० पेक्षा अधिक कर्मचारी नसलेला अमेरिकी उद्योग पात्र ठरविण्यात आला. सहभागी खात्यांमध्ये संरक्षण खात्याचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. लष्करी वैद्यक संशोधनाचे प्रमुख केंद्र मेरीलँड राज्यातील फोर्ट डेट्रिक येथे आहे.

तीन टप्पे

या योजनेची रचना परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावयास हवी.

पहिल्या टप्प्यात कल्पना व्यवहार्य आहे की नाही, एवढेच तपासले जाते. साधारणतः सहा महिने ते एक वर्ष एवढ्या मुदतीसाठी अल्प रक्कम दिली जाते. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्यात यशस्वी ठरलेल्यांपैकी निवडक उद्योगांना सुमारे दोन वर्षांसाठी नमुना तयार करण्याकरिता मोठी रक्कम मिळते. तिसरा टप्पा व्यापारीकरणाचा असून त्यासाठी या राखीव निधीतून पैसा मिळत नाही. उद्योगाने खासगी भांडवल किंवा खात्याची प्रत्यक्ष खरेदी यांवर अवलंबून राहावे, अशी अपेक्षा असते. मात्र आधीच्या टप्प्यांतील स्पर्धा पुरेशी मानून, पुन्हा निविदा न मागविता त्याच उद्योगाला काम देण्याची मुभा खात्यांना देण्यात आली.

या रचनेमुळे शासनाची जोखीम मर्यादित राहते. फसणारी कल्पना अल्प खर्चात बाजूला होते. संशोधनातून निर्माण होणाऱ्या तांत्रिक माहितीवरील उद्योगाचे हक्क सुरक्षित राहावेत, यासाठी २०१९ च्या धोरणनिर्देशानुसार २० वर्षांचे संरक्षण देण्यात आले.

रक्तस्रावरोधक साधनांचा धडा

लष्करी निधीचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येक साधन याच एका योजनेतून आले असे नाही. तथापि लहान कंपन्या काय करू शकतात, हे रक्तस्राव रोखणाऱ्या साधनांवरून स्पष्ट होते. कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या काइटोसानची पट्टी ओरेगन राज्यात विकसित झाली व २००२ मध्ये तिला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्याच सुमारास झिओलाइट या खनिजाची क्विकक्लॉट ही भुकटी वापरात आली. ती रक्तातील पाणी शोषून घेई. परंतु त्या क्रियेत उष्णता निर्माण होऊन ऊती भाजण्याचा धोका असे. पुढे केओलिन मातीचा लेप दिलेली जाळीदार पट्टी तयार झाली. उष्णता निर्माण न करणाऱ्या या पट्टीची २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रणांगण-उपचार समितीने शिफारस केली.

जांघ किंवा काख येथील खोल जखमेवर आवळपट्टी बांधता येत नाही. अशा जखमांसाठी ओरेगनमधील रेव्हमेडएक्स या कंपनीने लष्करी अर्थसाह्याने एक्सस्टॅट हे पिचकारीसारखे साधन बनविले. त्यातील ९२ दाबलेले सेल्युलोजचे स्पंज रक्ताच्या स्पर्शाने सुमारे २० सेकंदांत फुगून जखम भरून टाकतात. क्ष-किरणांत दिसणारी खूण प्रत्येक स्पंजावर असल्याने शल्यचिकित्सकाला ते शोधून काढता येतात. २०१४ मध्ये रणभूमीसाठी मान्यता मिळालेले हे साधन डिसेंबर २०१५ मध्ये नागरी वापरासही खुले झाले. संरक्षणासाठी केलेला खर्च रस्ते अपघातातील जखमींच्या उपयोगी कसा पडतो, याचे हे उदाहरण होय.

मूल्यमापन

या योजनेवर टीकाही झाली आहे. काही उद्योग उत्पादन बाजारात न आणता केवळ अनुदानामागून अनुदान मिळवीत राहतात, हा त्यांतील मुख्य आक्षेप. अर्थतज्ज्ञ सब्रिना हॉवेल यांनी ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यातील अल्प रकमेने उद्योगाला जोखीम भांडवल मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली; दुसऱ्या टप्प्यातील मोठ्या रकमेचा तसा प्रभाव मात्र दिसला नाही. हवाई दलाने २०१८ पासून विषय काटेकोरपणे न ठरविता उद्योगांकडूनच कल्पना मागविल्या, तेव्हा नवे उद्योग अधिक संख्येने पुढे आले. रकमेइतकीच निवडीची पद्धतही महत्त्वाची, हा यातून मिळणारा बोध आहे.

दुसरा प्रश्न सातत्याचा आहे. या योजनेस ठराविक मुदतीनंतर संसदीय नूतनीकरण लागते. ३० सप्टेंबर २०२५ रोजी मुदत संपली, तेव्हा नूतनीकरण न झाल्याने नव्या निवडी थांबल्या. एकाच निधीवर विसंबलेल्या लहान कंपनीस असा खंड प्राणघातक ठरू शकतो.

भारतातील वाटचाल

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लघुउद्योग नवोन्मेष संशोधन उपक्रम सुरू केला. त्याच्या नावातच अमेरिकी योजनेचा प्रतिध्वनी आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या बायरॅक या सार्वजनिक उपक्रमाने हे कार्य विस्तारले. त्याच्या प्रज्वलन अनुदानातून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची व्यवस्था झाली. संरक्षण क्षेत्रात एप्रिल २०१८ मध्ये आयडेक्स उपक्रमाचा आरंभ झाला. त्यात प्रारंभी १.५ कोटी, २०२२ मध्ये १० कोटी आणि २०२४ मधील अदिती योजनेद्वारे २५ कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या तंत्रज्ञान विकास निधीची प्रकल्पमर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. या संघटनेच्या दिल्ली व बंगळूरु येथील प्रयोगशाळांना वैद्यकीय संशोधनाची परंपरा आहे. दिल्लीच्या अणुवैद्यक व संलग्न विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘रक्षिता’ ही दुचाकी रुग्णवाहिका जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सुपूर्द झाली.

समारोप

हिमालयातील उंच चौक्या असोत वा घनदाट अरण्यातील मोहिमा, जखमीला रुग्णालयात पोहोचविण्यास भारतातही वेळ लागतो. तो वेळ निभावून नेणारी साधने देशात घडावयाची असतील, तर अनुदानाबरोबरच चाचणीच्या सोयी, वेळेवर मान्यता आणि खरेदीची खात्री यांची साखळी अखंड असावयास हवी. अनुदान हा तिचा केवळ पहिला दुवा आहे. उत्तम नमुना कपाटात पडून राहिला, तर संशोधनावरील खर्च वाया जातोच. शिवाय वाचू शकणारा जीवही गमवावा लागतो.