बूटेबल डिस्क : संगणकाच्या पुनरुज्जीवनाचे साधन

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. दगडावरची ती अक्षरे साडेनऊशे वर्षे टिकली. आपले प्रबंध, टिपणे, खेडोपाडी जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या मात्र आज ज्या हार्ड डिस्कवर असतात, ती एका क्षणात निकामी होऊ शकते. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्या स्मरणात आहे. म्हणून या विषयाचा थोडक्यात परामर्श घेण्याचे मी योजिले आहे.

प्रथम संगणक सुरू कसा होतो ते पाहू. वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा भाग वाचतो आणि तेथील सूचनेनुसार मुख्य प्रणालीला पाचारण करतो. नव्या संगणकांत हेच काम डिस्कवरील एका राखीव विभागातून होते. हा भाग बिघडला, की दुरुस्तीची साधने घरात आणि दाराला आतून कडी, अशी अवस्था होते. बूटेबल डिस्क म्हणजे दुसरे दार. सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही प्रमाणपद्धती १९९५ साली आली. आज बऱ्याच लॅपटॉपना सीडीचा खणच नसतो. तेथे पेनड्राइव्ह वापरावा.

फाइलींची प्रत घेतली म्हणजे झाले, असा समज आढळतो. परंतु त्या प्रतीत आरंभीचा तो भाग येत नाही. त्यासाठी संपूर्ण डिस्कची ‘इमेज’ घ्यावी लागते. क्लोनझिला हे त्याचे एक विनामूल्य साधन होय.

कृती अशी : संगणक सुस्थितीत असतानाच साधनाची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. ती सीडीवर साध्या फाइलीप्रमाणे न उतरवता ‘इमेज’ म्हणूनच लिहावी. एरवी सीडीवरून संगणक सुरू होणार नाही. पेनड्राइव्ह वापरल्यास त्यावरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे. नंतर सेटअपमध्ये त्या डिस्कला अग्रक्रम देऊन संगणक तिच्यावरून सुरू करावा आणि अंतर्गत डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवावी. मूळ कोणती व प्रत कोणती, हे दोनदा वाचून मगच होकार द्यावा. इमेज परत उतरविताना लक्ष्य डिस्कवरील सर्व काही नष्ट होते. तेव्हा मधल्या काळातील लेखन आधी अन्यत्र हलवावे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क कंपनीची जगभरची यंत्रणा ठप्प केली. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही त्याची झळ बसली. कंपनीच्या एका महत्त्वाच्या सर्व्हरची शाबूत प्रत अखेर घानामध्ये सापडली. तेथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून ती वाचली. एवढ्या मोठ्या कंपनीला वीज जाण्याने तारले. आपण दैवावर हवाला का ठेवावा?

माझ्या मते सर्वांत उपेक्षित पायरी परीक्षेची आहे. केलेल्या डिस्कवरून संगणक सुरू होतो का, हे दर सत्राच्या आरंभी पाहावे. आणि इमेजची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. बदलापुरात तळमजल्यावर राहणाऱ्याने ती उल्हासनगरच्या एखाद्या नातेवाइकाकडे, वरच्या मजल्यावर ठेवावी. पाणी ओसरल्यावर संगणक नवा घेता येईल. पण ओवी गाणारी आजी पुन्हा गायला असेलच, असे नाही.