पाटीवरचे पहिले अक्षर

विजयादशमीच्या दिवशी आपल्याकडील मराठी घरांत पाटीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटावयाची, तिला हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहावयाचे आणि घरातील लहानग्याचा हात धरून त्याच्याकडून 'श्री' गिरवून घ्यावयाचा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. गेल्या वर्षीच्या दसऱ्यास आमच्या घरी हा मान आमच्या धाकट्या बंधूस मिळाला. त्याचे वय तेव्हा साडेचार वर्षांचे होते. पहिलीत जाण्यापूर्वीच त्यास सर्व अक्षरे आली पाहिजेत, असा आम्ही निश्चय केला आणि वडीलपणाच्या अधिकाराने त्याचे गुरुपद स्वतःकडे घेतले.

दिवाळीपर्यंत आम्ही त्याच्याकडून 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सारी अक्षरे गिरवून घेतली. वर्णमाला तो घडाघडा म्हणू लागला. पाहुण्यांनी त्यास शाबासकी दिली व आम्हांसही थोडा गर्व झाला. परंतु एके दिवशी 'म'वर बोट ठेवून "हे कोणते अक्षर?" असे विचारताच त्याने 'क'पासून म्हणण्यास आरंभ केला, मध्येच अडखळला आणि रडू लागला. दुसऱ्या दिवसापासून पाटी दिसेनाशी झाली. चार दिवसांनी ती कणगीमागे सापडली. आजी एवढेच म्हणाली, "आज पाटीची भीती बसली आहे. उद्या शाळेची बसली, तर काय करशील?"

आजीच्या ह्या प्रश्नाने आम्हांस विचार करावयास लावले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. आईवडील शेतावर गेले म्हणजे त्यांस शिकविण्याचे काम आपणांकडेच येते. ते कसे करावे, ह्याविषयी आम्ही गुरुजनांस विचारून व वाचून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हाताचा विचार करू. लिहिणे हे जितके बुद्धीचे, तितकेच बोटांचे काम आहे. लहान मुलाच्या मनगटातील हाडे जन्मतः कूर्चेची असतात व वर्षानुवर्षे हळूहळू टणक होत जातात. चार-पाच वर्षांच्या वयात हे काम पुरे झालेले नसते. तीन वर्षांचे मूल लेखणी मुठीत धरते. अंगठा व दोन बोटे ह्यांच्या चिमटीत ती नीट धरणे बहुधा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. आकृत्यांचेही असेच आहे. सामान्यतः मूल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ, चौथ्याच्या सुमारास फुली, त्यानंतर चौकोन आणि पाच वर्षे उलटल्यावर त्रिकोण पाहून काढू शकते. ज्यास अद्याप चौकोन काढता येत नाही, त्याच्याकडून 'क्ष' व 'ज्ञ' काढवून घेणे, हा त्याच्या बोटांवर अन्याय होय. आम्ही तो अन्याय केला होता.

हात तयार करण्याची साधने मात्र आपल्या घरांतच विपुल आहेत. ज्वारी निवडणे, शेंगा सोलणे, झेंडूची फुले ओवणे, भाकरीच्या पिठाचा गोळा वळणे, ओल्या मातीची बैलजोडी करणे, अंगणात रांगोळीचे ठिपके देणे, ह्या प्रत्येक कामात चिमटीस बळ येते. हे काम व हा खेळ लेखनाचाच पहिला पाठ आहे, हे आपण विसरतो.

आपल्या जुन्या पद्धतीत ह्याची काही जाण होती. पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर लिहीत. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीत अक्षर काढावयाचे आणि चुकल्यास हाताने पुसून टाकावयाचे, अशी ती सोय होती. धुळीत बोटास आकाराचा स्पर्श होतो आणि चूक क्षणात नाहीशी होते. त्या पद्धतीचा दोष घोकंपट्टीत व छडीत होता, धुळीत नव्हता.

पाश्चात्त्य देशांत हाच स्पर्शाचा मार्ग डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी शास्त्रीय रीतीने मांडला. रोम शहरातील गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी बालगृह उघडले. तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून फळ्यांवर चिकटविलेली असत. मूल त्यांवरून बोट फिरवी व त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करी. डोळा, बोट व कान ह्या तिघांची अशी गाठ पडल्यावर चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागत, असा त्यांचा अनुभव होता.

आपल्या देशात गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ ह्यांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? म्हणून ह्या दोघींनी शिंपले, बिया, पाने व खडे हीच साधने मानली. वारली मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगावी असलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेत त्या प्रयोगाचा अंश आहे. एकात्मिक बालविकास योजनेखाली अंगणवाड्यांचे सरकारी कार्य २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाले.

आता प्रत्यक्ष अक्षरांकडे वळू. मराठी वर्णमालेत पन्नासाच्या आसपास वर्ण आहेत आणि बाराखडीत प्रत्येक व्यंजनाची बारा रूपे होतात. 'क ख ग घ' हा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. तो व्याकरणास उत्तम, पण हातास सोयीचा नाही. म्हणून मराठी शाळांत 'ग म भ न' असा आरंभ करण्याची चाल पडली. ह्या चारही अक्षरांत उजवीकडे उभा काना आहे. तो एकदा वळणावर आला की पुढील अक्षर सोपे होते. 'व ब क' ह्यांत गोल पोट आहे, 'प ष फ' ह्यांचे एक कुटुंब आहे, 'र स ख' ह्यांचे दुसरे. 'ट ठ ढ द' ही अक्षरे मध्यभागी छोट्या दांडीने शिरोरेषेस लटकलेली आहेत. अशी कुटुंबे करून शिकविल्यास मुलास एका वळणातून दुसरे सापडते.

मात्र 'म' व 'भ', तसेच 'घ' व 'ध' ह्या जोड्या एकाच दिवशी देऊ नयेत. त्यांच्यातील मोठा भेद शिरोरेषेच्या डाव्या टोकाशी आहे, आणि तो सूक्ष्म भेद लहान डोळ्यास चटकन दिसत नाही. एक अक्षर पक्के झाल्यावर मगच दुसरे दाखवावे. शिरोरेषा नेहमी शेवटी, डावीकडून उजवीकडे द्यावी.

गिरविण्याविषयीही एक गोष्ट आम्हांस नव्याने कळली. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स व लॉरा एंगलहार्ट ह्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून त्यांनी काही अक्षरे स्वतःच्या हाताने पाहून लिहवून घेतली, काही गिरवून घेतली व काही कळफलकावर दाबून घेतली. नंतर तीच अक्षरे मुलांस दाखविली असता, स्वतः लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जागृत झाले. गिरविलेल्या वा दाबलेल्या अक्षरांच्या वेळी तसे झाले नाही. स्वतः काढलेले अक्षर दर वेळी थोडे वेगळे, वाकडेतिकडे येते, आणि त्या वेगळेपणातूनच अक्षराचे खरे रूप मुलास उमजते, असे त्यांचे अनुमान आहे. एक-दोनदा गिरवून वळण दाखवावे हे ठीक; पण पाटीभर गिरविण्यापेक्षा स्वतः काढलेले एक वेडेवाकडे 'म' अधिक मोलाचे ठरते.

मुलांस शाळेपूर्वीच लिहिते करण्याची घाई केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ह्या संदर्भात व्हिएतनाम देशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, आणि त्या देशाशी आपल्या खकनार भागाचे एक अनपेक्षित नातेही आहे. सातपुड्याच्या ह्या परिसरातील कोरकू बांधवांची भाषा मुंडा शाखेची असून ती ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलात मोडते. व्हिएतनामी भाषाही त्याच कुळातील. कोरकूत डोळ्यास 'मेड' म्हणतात, व्हिएतनामीत 'मत्'. कोरकूत चारास 'उफुन', व्हिएतनामीत 'बोन'. हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतरही रक्ताची खूण अशी उरली आहे.

व्हिएतनामी भाषा आज रोमन वळणाच्या लिपीत लिहितात. युरोपीय धर्मोपदेशकांनी सतराव्या शतकात ती घडविली आणि अलेक्सांद्र द रोद ह्यांनी तीत रचलेला कोश १६५१ साली रोम येथे छापला गेला. तीत २९ अक्षरे असून शिवाय स्वरांच्या चढउताराची पाच चिन्हे आहेत. 'मा' हा एकच ध्वनी चिन्ह बदलताच भूत, आई, परंतु, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप अशा सहा अर्थांचा होतो. तेव्हा चिन्ह चुकले की अर्थच चुकतो.

तेथे मूल सहाव्या वर्षी पहिलीत जाते. पहिलीचा अभ्यास भराभर पुढे जातो व आपले मूल मागे पडेल, ह्या धास्तीने पुष्कळ आईबाप त्यास पाचव्या वर्षीच अक्षरांच्या खास शिकवणीस धाडतात. एकाने धाडले की शेजाऱ्यास चिंता लागते. मग वर्गात बहुतेकांस अक्षरे येतात असे गृहीत धरले जाते, आणि ज्या गरिबाचे मूल कोरी पाटी घेऊन आले तेच खरोखर मागे पडते. ही शर्यत थांबविण्यासाठी तेथील शिक्षण मंत्रालयाने २८ जून २०१३ रोजी आदेश काढून पहिलीचा अभ्यास आधीच शिकविण्यास मनाई केली. बालवर्गात अक्षरांशी खेळत ओळख व्हावी, लेखनाचा पाठ पहिलीत सुरू व्हावा, असा तेथील क्रम आहे. आपल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही २०२० साली तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळास प्रमुख स्थान दिले आहे.

आपल्या भागात तर आणखी एक अडचण आहे. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली खंडवा जिल्ह्यातून वेगळा झाला. तो मध्य प्रदेशात असला तरी महाराष्ट्राची सीमा येथून जवळ. एकाच आळीत कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी निमाडी, कोणाच्या घरी कोरकू बोलतात. कचेरीत व बाजाराच्या पाट्यांवर हिंदी असते. सुदैवाने ह्या सर्वांस देवनागरी लिपी चालते. तरी मराठी वळणाचा 'ल' व 'श' हिंदी वळणाहून निराळा आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना मराठी वळणाचीच रूपे स्वीकारली. शिवाय 'केळी' लिहावयास मराठीत लागणारा 'ळ' हिंदीच्या वर्णमालेत नाही. 'केळी' म्हणणारे मूल शाळेत 'केला' वाचते, तेव्हा त्याचे काही चुकले आहे असे त्यास वाटू देऊ नये. एकाच अक्षराची दोन वळणे असतात, हे त्यास हसतखेळत सांगावे. आणि आरंभ मात्र त्याच्या तोंडातल्या शब्दापासूनच करावा. ज्या अक्षरामागे मुलाच्या ओळखीचा शब्द नाही, ते त्यास नुसती नक्षी वाटते.

हे समजल्यावर आम्ही आमचा क्रम बदलला. पाटी खुंटीला टांगून ठेवली. बंधूराज व शेजारचा त्याचा कोरकू सवंगडी ह्यांस घेऊन आम्ही अंगणात बसू लागलो. दिवसाकाठी दहा मिनिटे, आणि कंटाळा आला की खेळ बंद. 'म'ने आरंभ होणारे शब्द दोघांनी सांगावयाचे. आमच्या बंधूने 'मका', 'मांजर' म्हटले. सवंगड्याने डोळ्याकडे बोट दाखवून 'मेड' म्हटले. मग दोघांनी मक्याच्या दाण्यांनी जमिनीवर 'म' मांडला, त्यावरून बोट फिरविले व अखेर धुळीत आपापला 'म' काढला. बंधूच्या 'म'ला पहिले आठ दिवस शिरोरेषाच नव्हती. आम्ही ती दाखविली, पण त्याचा 'म' पुसला नाही.

उन्हाळा येईपर्यंत त्यास साऱ्या वर्णमालेतील केवळ नऊ अक्षरे येऊ लागली होती. पूर्वी तो सगळी म्हणून दाखवी. आता मात्र ही नऊ तो कोठेही ओळखतो, खताच्या पोत्यावर आणि बसच्या पाटीवरही. एके सकाळी त्याने खुंटीवरची पाटी स्वतः मागून घेतली व तीवर 'मका' असे लिहिले. काना किंचित तिरपा होता. आजीने ती पाटी दिवसभर देवापुढे ठेविली.

विद्यार्थी मित्रहो, येत्या दसऱ्यास तुमच्याही घरी एखाद्या चिमुकल्याच्या हाती पाटी येईल. त्याचा हात धरताना फार घट्ट धरू नका. पहिलीत जाण्यापूर्वी त्यास किती अक्षरे येतात, हे मोजणारे पुष्कळ भेटतील. पाटी पाहून त्यास हसू येते की रडू, एवढे मात्र आपण पाहावे. बाकीची अक्षरे शिकविण्यास शाळा समर्थ आहे.