अंगणातील रोप आणि वुजूचे पाणी

पैनगंगा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. तरीही उन्हाळ्यात येथील कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी अंगणात मोगरा, मेंदी, शेवगा लावावा काय, असा प्रश्न ईमानधारकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

ह. अनस (रज़ि.) यांनी कथन केलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसचा आशय असा की, मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे माणूस, पक्षी वा जनावर जे खाते, ते त्याच्यासाठी सदका ठरते. यावर विचार करा. रोप खड्ड्यात ठेवल्याने हा सदका पूर्ण होत नाही. रोप जगले तरच त्याचे फळ कोणाच्या तरी मुखी पडते. म्हणून लावलेले रोप ही अमानत आहे.

मग पाणी कोठून आणावे? ह. अनस (रज़ि.) यांच्याच कथनानुसार प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे लीटरभराच्या आसपास पाण्यात वुजू करीत. घरातील 4 जणांनी दिवसातून 5 वेळा असा वुजू केला, तर 20 लीटर पाणी होते. हनफी फिक्हनुसार वापरलेल्या या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही. परंतु ते नापाकही नसते. ते घमेल्यात धरा आणि सायंकाळी झाडांच्या आळ्यात घाला. आळ्यावर पालापाचोळा पसरा, म्हणजे ओल टिकेल. नवी लागवड मात्र पावसाळ्याच्या आरंभीच करावी.

हक्कांचा क्रमही विसरू नये. गरजेहून अधिक पाणी अडवून ठेवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. शेजाऱ्याची घागर रिकामी असताना आपल्या फुलझाडांना नळीने पाणी सोडणे, ही शोभा नव्हे. आधी माणूस, मग मुकी जनावरे, नंतर बाग.

छाटणीपूर्वी फांद्यांत घरटे नाही ना, हेही पाहावे. पिले उचलून नेल्याने व्याकूळ झालेल्या पक्षिणीला तिची पिले परत देण्याचा आदेश प्रेषितांनी (स.) दिला होता.

वाचकहो, आज वुजू करताना किती पाणी मोरीत वाहून गेले, हे एकदा स्वतः मोजून पाहा. उद्या त्यावर एक रोप जगवा. अल्लाह आपणांस अपव्ययापासून वाचवो. आमीन.