पॅरिस–रूबे : दगडांनी मोठी केलेली शर्यत

सायकल शर्यत म्हटली की आपल्याला तीन आठवडे चालणारी 'टूर द फ्रान्स' आठवते. पण सकाळी सुरू होऊन त्याच दिवशी संपणाऱ्या काही जुन्या शर्यतींनाही तेवढाच मान आहे. त्यांपैकी पॅरिस–रूबे या शर्यतीची ओळख या पाठात आपण करून घेऊ.

जन्म आणि मार्ग

रूबे हे उत्तर फ्रान्समधील कापडगिरण्यांचे शहर. तेथील तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी शहरात सायकलींसाठी धावपट्टी बांधली आणि १८९६ मध्ये ही शर्यत सुरू केली. पहिला विजेता जर्मनीचा योझेफ फिशर. नावात पॅरिस असले तरी १९७७ पासून पुरुषांची शर्यत पॅरिसच्या उत्तरेकडील काँपिएन्य गावातून निघते. अंतर सुमारे २६० किलोमीटर. त्यातील सुमारे ५५ किलोमीटर रस्ता घडीव दगडांच्या जुन्या फरसबंदीचा आहे. हा रस्ता सलग नसून त्याचे तीसएक तुकडे शेतांमधून जातात.

'उत्तरेचा नरक'

पहिल्या महायुद्धात ही शर्यत बंद होती. १९१९ मध्ये मार्ग पाहायला गेलेल्यांना तोफगोळ्यांचे खड्डे, मोडलेली झाडे आणि उद्ध्वस्त गावे दिसली. तेव्हापासून 'उत्तरेचा नरक' हे नाव पडले. पुढे गावे पुन्हा उभी राहिली. नाव मात्र दगडी रस्त्यांना चिकटले.

दगडांवर सायकल कशी चालते?

दोन दगडांमधल्या फटींमुळे सायकलला सतत हादरे बसतात. चाक टणक असेल तर ते उड्या मारते आणि वेग वाया जातो. म्हणून येथे रुंद टायर वापरून त्यात हवा कमी भरतात. मऊ टायर हादरा स्वतःच पचवतो. मात्र हवा फारच कमी झाली, तर दगडाची कड थेट रिमवर आदळून पंक्चर होते. रस्त्याचा मध्य उंच आणि कडा खचलेल्या असतात, म्हणून खेळाडू शक्यतो मधूनच जातात. कोरड्या दिवशी धूळ, पावसात चिखल!

दगड वाचले कसे?

१९६० च्या दशकात गावोगावी डांबर पडू लागले. खडबडीत रस्ता म्हणजे मागासलेपणा, असे गावांना वाटे. दगडच गेले तर शर्यतीत उरणार काय? संयोजक उरलेले दगडी रस्ते शोधू लागले. तेव्हा जाँ स्ताब्लिन्स्की या विश्वविजेत्या सायकलपटूने आरेनबर्गच्या जंगलातील सरळ दगडी वाट सुचवली. तरुणपणी तो त्याच जंगलाखालच्या कोळसा खाणीत काम करत असे. १९६८ मध्ये शर्यत प्रथम त्या वाटेने गेली. आज ती सर्वांत प्रसिद्ध वाटांपैकी एक आहे.

आता 'पॅरिस–रूबेचे मित्र' ही स्वयंसेवकांची संस्था उखडलेले दगड पुन्हा हाताने बसवते. उद्यानविद्येच्या शाळेतील विद्यार्थीही या कामात मदत करतात. म्हणजे वेगवान खेळाडूंची ही शर्यत टिकली आहे ती गुडघे टेकून दगड बसवणाऱ्यांमुळे. विजेत्याला चषकाऐवजी चौथऱ्यावर बसवलेला असाच एक दगड देतात, तो उगीच नव्हे!

शेवट

शर्यत रूबेच्या धावपट्टीवर संपते. १९४९ मध्ये आघाडीवरच्या आंद्रे माहेला धावपट्टीपाशी चुकीच्या वाटेने पाठवले गेले आणि तो भलत्याच दाराने आत आला. मागून आलेल्या गटात सेर्से कोप्पी पहिला आला. बराच वाद होऊन अखेर दोघांनाही विजेते ठरवले गेले. स्त्रियांची शर्यत मात्र २०२१ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी सुरू झाली. इंग्लंडची लिझी डेगनन ती जिंकली.

स्वाध्याय

१. फ्रान्सच्या नकाशात काँपिएन्य आणि रूबे शोधा.
२. सायकलच्या टायरमध्ये हवा थोडी कमी-जास्त करून खडबडीत रस्त्यावर सावकाश चालवा आणि फरक लिहा.
३. माहेची चूक नव्हती, पण कोप्पीचीही नव्हती. तुम्ही पंच असता तर काय निर्णय दिला असता? कारणे द्या.
४. आपल्या गावातील 'जुनाट' म्हणून मोडीत निघालेली, पण जपण्याजोगी एक गोष्ट निवडा. ती जपायला कोणाचे हात लागतील, ते सांगा.