कोयत्याला जाण्याआधी दाढ दाखवा

बीड जिल्ह्यात दाढेचा प्रवास ठरलेला आहे. आधी लवंग, मग मेडिकलवरची गोळी, शेवटी ‘उपटून टाका डॉक्टर, परत यायला जमणार नाही.’ विमा नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे विमा आहे, त्यांच्याही बहुतेक पॉलिसींत दात भरणे, रूट कॅनॉल, कवळी बसत नाही. दाताचा खर्च ठरतो तो उशिरावर. कीड वरच्या थरात असेल तर एका बैठकीत सिमेंट भरून काम होते. तीच नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनॉल, वर कॅप, आणि दोन-चार फेऱ्या.

काय करावे

उसतोडीला जाणाऱ्यांनी दाताचे काम दसऱ्याआधी उरकावे. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माघारी येतात. फडावर दाढ ठणकली तर खाडा होतो, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि अनोळखी गावात मिळेल त्या माणसाकडून दाढ काढून घ्यावी लागते. वाचण्यासारख्या कितीतरी दाढा केवळ पुन्हा यायला सवड नाही म्हणून जातात. पावसाळ्यात गावी असताना सगळ्या घराचे दात एकदा दाखवून घ्या, न दुखणारेसुद्धा.

आधी सरकारी दवाखान्याची पायरी चढावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. बीडचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंना विचारून मगच निघा. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे. तिथे शुल्क लागते, पण खासगीच्या मानाने किरकोळ.

मोठ्या कामासाठी दंत महाविद्यालय गाठावे. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगी दंत महाविद्यालय बीड शहरातही आहे, लातूरलाही आहे. उपचार विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. काम सावकाश चालते, दिवस मोडतो. मात्र घाईत उरकलेल्या कामापेक्षा ते बरे. सकाळी लवकर पोहोचा, आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा, आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून घ्या. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. कवळी करायला आजीला न्यायचे तर हा हिशोब धरा.

खासगीत गेलात तर खुर्चीत बसण्याआधी भाव विचारावा. एकूण किती, किती फेऱ्या, कॅप धरून की सोडून? मागच्या दाढेला धातूची कॅप चालते. ती स्वस्त पडते, टिकतेही, आणि हसताना दिसत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घ्याल का, हेही विचारा. यात लाज कसली?

शाळेतल्या तपासणीचा कागद जपून ठेवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी आणि शाळेत येते. दातांची कीडही त्यांच्या तपासणीत आहे आणि पुढच्या उपचाराची मोफत सोय करून देणे हे त्यांचे काम आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची असते आणि बहुधा तीच पहिली किडते.

फ्लोराइडची टूथपेस्ट घ्या, लहानशी ट्यूबसुद्धा चालेल. रात्री झोपण्याआधी घासा. घासून झाल्यावर थुंका, पण खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर थोडे राहू द्या.

काय टाळावे

मिश्री. ती दात घासण्याची वस्तू नाही, भाजलेली तंबाखू आहे. हिरडीला बधिर करते, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते आणि हात पुन्हा डबीकडे जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तिखट सोसेना, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंड आलेले दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाही, तर दुखत नसले तरी दाखवा. दात भरण्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना उपयोगी पडत नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचा उपचार तिच्यात बसतो.

मेडिकलवरून अँटिबायोटिक. गोळीने सूज ओसरते, कीड जागेवरच राहते. चार महिन्यांनी तीच दाढ दुप्पट खर्च घेऊन परत येते. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी, दिवसभर उन्हात कष्ट करून पाणी न पिता घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. हिरडीवर गोळी, तपकीर किंवा रॉकेल तर मुळीच ठेवू नका, हिरडी भाजते.

बाजारातला दातवाला. शेजारच्या दातांना चिकटवून पक्का दात बसवतो, तासाभरात, स्वस्तात. त्याच्याखाली अन्न कुजते आणि धडधाकट दातही हलू लागतात. दवाखान्यातही पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा.

‘दात साफ केले की हलतात’ हा समज. दात आधीच हललेले असतात, किटणाने धरून ठेवलेले.

उचल वाढवून दाताचा खर्च. सरकारी दवाखाना आणि दंत महाविद्यालय, दोन्ही पाहून झाल्याशिवाय मुकादमाकडे तोंड उघडू नका.

आजार लपवणे. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण हे दाढ काढण्याआधी सांगायलाच हवे. गरोदर बाईने दुखणे सोसत बसायचे कारण नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक उपचार निर्धास्त करता येतात.

आणि एका बाबतीत पैशाचा विचार करायचाच नाही. गालाची सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली गळ्याकडे सरकली, ताप आला, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा श्वास अडला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठे रुग्णालय गाठा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.