पंजा आपला, फर्मा परका

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. बुटांच्या दुकानातल्या मऊ बाकावर बसून इथल्या बायकांना जे फार आधीच कळलं होतं, ते त्या पाहणीने कागदावर आणलं: भारतीय पाय साधारणपणे युरोपीय किंवा अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो. तिच्या आधारे ‘भा’ नावाची मापांची भारतीय पद्धतही सुचवली गेली. पण आपल्याकडची बहुतेक खरेदी अजून इंग्रजी किंवा युरोपीय नंबरावरच होते, आणि महागडे परदेशी बूट घेताना तर दुसरा पर्यायच नसतो.

हे नंबर काय मोजतात तेवढं समजून घेतलं, तरी बराच मनस्ताप वाचतो. इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावरून आला. तीन दाण्यांचा एक इंच, म्हणून एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने सरकतो. दोन्हींच्या पायऱ्याच जुळत नाहीत, त्यामुळे एकाचा दुसरा नंबर करताना थोडं इकडेतिकडे होतंच. आणि मुख्य म्हणजे दोन्ही फक्त लांबी सांगतात. रुंदीसाठी परदेशात वेगळी अक्षरं असतात. आपल्या दुकानांत एका नंबराची दुसऱ्या रुंदीची जोडी मागून पाहा, विक्रेता गोंधळून बघत राहील.

‘मॅडम, तुमचा पंजाच रुंद आहे, एक नंबर मोठा घ्या.’ एका मोठ्या दुकानात मला हा सल्ला मिळाला, आणि ज्या ज्या मैत्रिणींना विचारलं त्या प्रत्येकीला तो कधी ना कधी मिळालेला होता. ऐकायला साधा वाटतो, पण त्याने दोन नुकसानं होतात. पहिलं मनाचं. पाय हा जणू आपला दोष आहे अशी बोच बाई घरी घेऊन येते, आणि पुढच्या खेपेला मापाची चौकशी करायलाही संकोचते. दुसरं पायाचं. नंबर वाढवला की बूट लांबीला वाढतो तितका रुंदीला वाढत नाही. मागे टाच सुटते, उंच टाचेच्या बुटात पाय पुढे घसरतो आणि निमुळत्या टोकात बोटं पुन्हा कोंबली जातात. मोठा नंबर घेऊनही दाब तिथल्या तिथेच राहतो.

माझ्या बाबतीत तो दाब तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये बसला. आधी लग्नसमारंभात तासन् तास उभं राहिल्यावर तिथे बधिरपणा यायचा. पुढे साध्या चपलेतही पायाखाली खडा राहिल्यासारखं वाटायला लागलं, आणि जिना उतरताना वीज चमकल्यासारखी कळ. डॉक्टरांनी पंजा दोन्ही बाजूंनी दाबून नेमकी ती कळ आणून दाखवली. बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूभोवतीचा भाग सततच्या दाबाने जाड होतो, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. लवकर लक्षात आलं तर पुढे ऐसपैस जागा असलेला बूट आणि पंज्याखाली गादी एवढ्यावर पुष्कळ जणींना आराम पडतो. दुर्लक्ष केलं तर इंजेक्शनं आणि क्वचित शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. म्हणून सांगते, बुटात बोटं बधिर होणं ही सवयीने जाणारी गोष्ट नाही. कोणी ‘घालून घालून सैल होईल’ म्हणालं, तर तेवढ्यात पाय काय सोसणार आहे तेही विचारात घ्यावं.

एका पायात २६ हाडं असतात. टाच उंचावली की शरीराचा भार मागून पंज्यावर येतो, आणि पंजा जर निमुळत्या जागेत अडकलेला असेल तर अंगठा आत वळत जातो. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं दुखरं हाड कित्येक घरांत आजीच्या, आईच्या पायाला पाहिलेलं असतं. त्याची प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते. अरुंद बूट त्यात भर घालतो. ज्यांच्या घरात ही खोड आहे त्यांनी टोकदार बुटांपासून चार हात दूर राहिलेलं बरं.

मुळात नामांकित बूट हा पायाच्या विरोधात जाणारा प्रकार नव्हता. इटलीतल्या बोनितो गावात १८९८ साली जन्मलेला साल्वातोरे फेरागामो अमेरिकेत जाऊन हॉलिवूडच्या नटनट्यांचे बूट करू लागला, तेव्हा बूट देखणे झाले तरी पाय का दुखतात हा प्रश्न त्याला सुटेना. त्याने विद्यापीठात शरीररचनेचे धडे घेतले. पायाच्या कमानीला आधार हवा हे ओळखून बुटाच्या पोटात पोलादाची पट्टी बसवली. त्याचं संग्रहालय फ्लॉरेन्समध्ये आहे. तिथे प्रसिद्ध गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी फर्मे जपून ठेवलेत, प्रत्येकीचा वेगळा. ज्या नटीचा पाय जसा, तसा फर्मा कोरायचा आणि त्यावर चामडं चढवायचं. आजच्या तयार जोडीमागे असा एकच फर्मा असतो, तो कुण्या अनोळखी पायाचा, आणि तो आपल्याला बसला नाही की दोष मात्र आपल्या पायाला लागतो.

किमतीतही पायाचा विचार मागेच राहतो. क्रिस्तियाँ लुबुताँच्या बुटांच्या लाल तळव्याला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१२ साली, वरचा भाग वेगळ्या रंगाचा असेल तर, व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण दिलं. त्या बुटांचे पैसे मोजताना कारागिरीबरोबर त्या तळव्याचेही मोजले जातात. सौंदर्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही, मलाही देखण्या बुटाचा मोह होतो. फक्त किंमत वाढली म्हणजे आराम किंवा टिकाऊपणा त्याच प्रमाणात वाढला, असं समजू नये.

टिकाऊपणाचा धडा कपाटात मिळतो, आणि मुंबई-कोकणात तो जरा लवकरच मिळतो. चांगले बूट खास प्रसंगासाठी म्हणून डब्यात, पिशवीत गुंडाळून ठेवायचे ही आपली रीत. दोन-चार पावसाळे गेल्यावर ते बाहेर निघतात. वरचं चामडं अगदी नव्यासारखं, आणि कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर दहा पावलं टाकली की मागे काळपट चुऱ्याची रांग उमटलेली. तळवा बोटाने दाबला तर ओल्या खारी बिस्किटासारखा भुगा हातात येतो. हे पॉलियुरेथेन. हलकं आणि मऊ म्हणून तळव्यांना सर्रास वापरतात. त्यातल्या काही प्रकारांत हवेतल्या दमटपणाने रासायनिक बंध तुटत जातात आणि बूट न वापरताही तळवा आतून कुजतो. घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा आतच कोंडली जाते, म्हणून बूट कापडी पिशवीत ठेवावेत, सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि अधूनमधून बूट पायात घालावेत. वरचा भाग खऱ्या चामड्याचा असेल तर जोडी फेकू नये. चांगला कारागीर रबराचा नवा तळवा बसवून देतो.

घेतानाच विचारावं: तळवा शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला? कडेने शिवण दिसली तरी ती वरवरची नक्षी असू शकते, म्हणून आत, पायतळाशीही बघावं. युरोपसाठी बनलेल्या बुटांवर १९९४च्या नियमानुसार छोटी चित्रं असतात: वरचा भाग, अस्तर आणि तळवा यांपुढे, कातड्याच्या आकाराची खूण असली तर चामडं, विणलेल्या जाळीची असली तर कापड, आणि साधा चौकोनी हिरा असला तर दुसरंच काही. आयात केलेल्या डब्यावर किंवा तळव्यावर ती बहुधा सापडतात. वरून चामडं वाटणाऱ्या कितीतरी जोड्यांच्या अस्तराला तो हिरा असतो, आणि घाम येणाऱ्या आपल्या हवेत अस्तराचं महत्त्व वरच्या भागाहून कमी नाही.

कपड्यांच्या बाबतीत मला आपल्या शिंप्यांकडून जे शिकायला मिळालं ते कुठल्याच दुकानात मिळालं नाही. ब्लाउज शिवणारे आमचे मास्तर कुठलाही तयार कपडा हातात आला की आधी उलटा करतात. बगलेपाशी शिवणीत माया किती ठेवली आहे ते बघतात, दोन बोटांत शिवण धरून ताणतात, धाग्यांमध्ये भोकं दिसली की मान हलवतात. मग मुंढा. मुंढा नीट कापलेला नसेल तर हात वर केला की सगळा कपडा वर सरकतो, आणि घालणाऱ्या बाईला वाटतं आपलेच दंड जाड. चौकटीचं कापड असेल तर खिशापाशी आणि बाजूच्या शिवणीत चौकटी जुळतात का, काजाचे धागे सुटे आहेत का, कापड उजेडासमोर धरलं तर वीण सारखी दिसते का, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. महागड्या नावाच्या कपड्यांतही मी पाव इंचाची माया पाहिली आहे, ओव्हरलॉक मारून संपवलेली. असा कपडा पुढे सैल करता येत नाही. आपल्या ब्लाउजला मात्र बाजूने दीड-दोन इंच माया ठेवतात. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वय वाढल्यावर एक शिवण उसवायची की ब्लाउज पुन्हा अंगाला बसतो. शरीर बदलणार हे शिवणाऱ्याने आधीच धरून ठेवलेलं असतं.

तयार कपड्यांच्या नंबरामागे असा कुठलाच विचार नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली. त्यांतून पुढे आलेल्या मापांत गौरवर्णीय स्त्रियांचाच विचार झाला होता. त्यावर बेतलेलं प्रमाण १९५८ मध्ये जाहीर झालं आणि १९८३ मध्ये मागेही घेतलं गेलं. तेव्हापासून ज्या त्या कंपनीचा नंबर तिचा तिने ठरवावा, आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तोच कपडा लहान नंबराचा म्हणून विकावा, असं चाललं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) सहा शहरांत त्रिमितीय स्कॅनरने भारतीय अंगांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं. ती मापं कपड्यांवर येईतोवर एका दुकानात मीडियम आणि शेजारच्या दुकानात एक्स्ट्रा लार्ज झालेल्या मुलीला आरशासमोर रडू येतं, हे मी ट्रायल रूमच्या बाहेर उभी राहून ऐकलं आहे. तिच्या आईने तेव्हा ‘जरा कमी खा’ असं म्हणू नये एवढंच मला फार वाटलं. घरातल्या मुलींची मापं टेपने घेऊन वहीत लिहून ठेवावीत, छाती, कंबर, नितंब, खांदा, आणि खरेदीला जाताना वही बरोबर न्यावी. चिठ्ठीवरचा नंबर बघायचाच नाही.

पुन्हा पायांकडे येते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने तिच्यासारख्या चपला श्रेय न देता सादर केल्या, संताप उसळला आणि मग त्यांचं मूळ भारतीय कारागिरीत आहे हे कंपनीला मान्य करावं लागलं. त्या वादात श्रेयाची चर्चा झाली, तशी या चपलेच्या बांधणीची व्हायला हवी होती. पुढे भिंत नाही, बोटं मोकळी. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं पायाचा आकार घेतं. ओळखीच्या कारागिराला माप देऊन करून घेतली तर रुंद पंज्यासाठी पट्टा बेताने सैल ठेवता येतो. नवी असताना ती चावते, तेव्हा पट्ट्यांना तेल लावून मुरू द्यावं आणि आधी घरात थोडा थोडा वेळ घालावी. पावसात मात्र बाहेर काढू नये, आणि टाच दुखणाऱ्यांनी सपाट तळव्यावर दिवसभर उभं राहू नये.

बंद बूट घ्यायचा असेल तर संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. घरातून निघण्याआधी कोऱ्या कागदावर दोन्ही पाय उभ्याने ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढून घ्यावी. दोन पाय सारखे नसतात, मोठा कुठला ते तिथेच कळतं आणि माप त्याचं धरायचं. दुकानात बूट त्या रेषेवर ठेवला आणि रेषा बाहेर डोकावली, तर तो पायात घालूनही बघू नये. बसत असेल तर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. गालिच्यावर चालून भागत नाही, फरशीवर चालून बघायला मागावं. घरी आणल्यावरही पहिले काही दिवस स्वच्छ चादरीवरच घालावा, म्हणजे बोटं बधिर व्हायला लागली तर तळवा कोरा असतानाच, पावतीसकट परत करता येतो.