आईला पाणी कोमट लागलं

“एवढं काही नाही गं, कोमट तर आहे,” आई म्हणाली आणि तिने दोन्ही पाय घोट्यापर्यंत टाक्यात सोडले. मी बाजूला तिचा टॉवेल, बदलायची साडी काढून ठेवत होते. सात-आठ मिनिटांनी तिला उठवावं म्हणून पाण्यात हात घातला आणि चटका बसून तो तसाच मागे ओढला. त्या पाण्यात मला बोट धरवत नव्हतं, आणि आई शांतपणे बसून होती.

आम्ही भातसानगरचे. वडील धरणाच्या कामावर होते, तेव्हापासून इथेच. आईचे गुडघे चार-पाच वर्षं धरलेले, साखरेची गोळी त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू. शेजारच्या मावशी दर थंडीत सांगायच्या, “वज्रेश्वरीला न्या तिला. तीन दिवस कुंडात बसली की वात उतरतो.” शेवटी पौषात आम्ही निघालो. पडघा, भिवंडी, अंबाडी करत वज्रेश्वरी. देवीचं दर्शन घेतलं. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर देऊळ बांधलं, ही हकिगत आईने पायऱ्या चढताना थांबत थांबत मला पुन्हा सांगितली. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींच्या समाधीवरही डोकं टेकवलं. मग मुक्कामाला गेलो. उघड्या कुंडावर गर्दी, शेवाळलेल्या पायऱ्या. आईला ते जमणार नाही म्हणून खोलीतच झऱ्याच्या पाण्याचं टाकं असलेली जागा मुद्दाम घेतली होती. तिथल्या पोराने नळ सोडला, टाकं भरलं आणि तो निघून गेला. पाणी किती गरम आहे, आजींना काही त्रास आहे का, हे त्याने विचारलं नाही. मीही पाण्यात हात न घालताच आईला बसवलं. ते मला आजही खुपतं.

त्या संध्याकाळी तळवे नुसते लाल होते. सकाळी उजव्या अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड आला होता. दुखत नाही म्हणाली म्हणून भावाने त्यावर टूथपेस्ट लावली आणि आम्ही ठरलेला मुक्काम पुरा केला. घरी येईपर्यंत फोड फुटला होता. शहापूरला डॉक्टरांनी पाय बघितला, मग आईला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी तिच्या तळव्याला टेकवत म्हणाले, “आजी, लागलं की सांगा हां.” पाच-सहा ठिकाणी टेकवून झालं. आई डोळे मिटूनच म्हणाली, “लावा ना मग, मी तयार आहे.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. साखरेने तिच्या पायातली जाण कधीच नेली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. अशा पायाला गरम-गार, काटा-खडा काही कळत नाही. वर जखम भरायला वेळ लागतो, ती चिघळली तर पाय कापायची पाळी येऊ शकते. आईचा पाय वाचला, पण रोजचं ड्रेसिंग अकरा आठवडे चाललं.

कुंडावर जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. गुडघे गरम पाण्यात शेकले की बरं वाटतं हे खरंच आहे, आणि ही आपल्या दारातली देणगी आहे. तानसा तर आमच्या शहापूर तालुक्यातली नदी. १८९२ पासून तिच्या धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि तीच पुढे वज्रेश्वरी-अकलोलीच्या झऱ्यांपाशी येते. पालघर-ठाण्यापासून खाली रत्नागिरीत राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची ओळच आहे. रायगडातलं उन्हेरे, रत्नागिरीतलं उन्हवरे, या नावांतच ऊन पाणी आहे. पाण्याखाली ज्वालामुखी आहे असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. म्हणूनच एका झऱ्याचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास असतं, तर दुसऱ्याचं सत्तरच्या जवळ जातं. शेजारशेजारच्या दोन कुंडांतही फरक असतो. साठ अंशांच्या पाण्यात कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. पन्नासच्या आतबाहेरचं पाणी फसवं, त्यात मिनिटं लागतात, आणि ज्याला चटका कळतो तो तेवढ्यात पाय काढून घेतो. आईने काढला नाही.

माझा भाचा नोकरीसाठी जपानात आहे. आईच्या पायाचं कळल्यावर त्याने फोनवर तिथल्या रियोकानची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मुक्कामाच्या घरांची, सगळी रीत सांगितली. तिथे ऊन पाण्याच्या झऱ्याला ओन्सेन म्हणतात. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, तेही कुंडाबाहेर. मग कुंडातलं पाणी तांब्या-तांब्याने पायांवर, मांड्यांवर, खांद्यांवर घ्यायचं, म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते आणि पाणी किती गरम आहे तेही समजतं. त्यानंतर हळूहळू उतरायचं. डोकं पाण्याबाहेर. कुसात्सू नावाच्या गावात झरे इतके कढत, की बायका लांब फळ्यांनी पाणी घुसळून ते निववतात. गार पाणी ओतलं तर झऱ्याचा गुण पातळ होतो अशी तिथली समजूत. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. १९४८ पासून तिथे झऱ्यांचा कायदा आहे. पाण्यात काय काय आहे आणि कोणत्या आजाराच्या माणसाने त्यात उतरू नये, याची पाटी न्हाणीघराशी लावणं मालकावर बंधनकारक आहे. आमच्या खोलीत टॉवेल हरवल्यास दंड किती, एवढीच पाटी होती.

आता कुणी वज्रेश्वरीला निघालं की मी त्यांना थांबवून सांगते. पाणी आधी आपल्या कोपराने बघा, म्हाताऱ्या माणसाला “कसं लागतंय?” असं विचारून त्यावर विसंबू नका. बाजारात थर्मामीटर मिळतो, पण तापाचा नको, तो बेचाळीसच्या आसपासच थांबतो, पाण्याचा घ्या. चाळीसच्या वर गेलं तर थोडं निवू द्या. साखर जुनी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून पायाची जाण तपासून घ्या, त्या दोऱ्याच्या तपासणीला दोन मिनिटं लागतात. जाण गेलेली असेल तर पाय गरम पाण्यात घालायचेच नाहीत. गुडघ्यावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, तेही तुम्ही हाताने बघून. पायाला भेग किंवा जखम असली तरी कुंड नको.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गरम पाण्याने शिरा फुगतात, प्रेशर खाली येतं, आणि माणूस एकदम उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. ओल्या पायरीवर अंधारी आली की काय होतं ते सांगायला नको. दहा मिनिटं पुष्कळ झाली. उठताना आधी काठावर बसवा, पाणी प्यायला द्या, मग हात धरून उठवा. पोटभर जेवून किंवा दारू पिऊन उतरणं म्हणजे जीवाशी खेळ आहे. पोरांना डुबक्या मारू देऊ नका. कोमट साचलेल्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. फार क्वचित, पण तसं झालं तर माणूस सहसा हाती लागत नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

आणि भाजलंच, तर टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद-तूपही नको. नळाच्या साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटं सोडा, फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. साखरेच्या माणसाचा पाय असेल तर दुखो न दुखो, त्याच दिवशी डॉक्टर. आम्ही मुक्काम पुरा करत बसलो तसं करू नका.

कुंडावर खोल्या देणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. खोलीत एक पाटी लावा. आजचं पाणी किती अंश, कुणी उतरू नये, किती वेळ बसावं, एवढंच मराठीत ठळक अक्षरात. नळ सोडणाऱ्या पोराला एक प्रश्न शिकवा, “आजी, साखर आहे का?”

आईच्या अंगठ्याखाली आता गुळगुळीत, पांढुरका वण आहे. रोज रात्री तिचे पाय मांडीवर घेऊन मी बॅटरीच्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या बघते. तिला कळत नाही, म्हणून मला बघावं लागतं. तुमच्या घरात साखरेचं माणूस असेल तर आज निजण्याआधी त्याचे तळवे बघा.